चौथ्या रिळानंतर तिसरं

रघू, काल तुझ्या तेराव्याला वडे चांगले झाले होते. हे आधी सांगतो, कारण तू आधी तेच विचारलं असतंस. गवारीची भाजी जरा निबर होती. तुझी थोरली बहीण, यमुनाअक्का, येवल्याहून आल्या होत्या आणि तुझ्यासारख्याच मोठ्याने बोलत होत्या. आपल्या कंपनीतले अजून जिने चढू शकणारे चौघे आले होते. मी दोनदा आमटी घेतली. मला रडू आलं नाही. तू गेल्याचा फोन आला त्या सकाळी आलं नाही, घाटावर आलं नाही, कालही नाही. लोक माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, आणि मी मात्र हॉलमधला पंखा डुगडुगतोय, वरचा बोल्ट सैल असणार, एवढाच विचार करत होतो.

तुझा जन्म, नोकरी, मागे कोण कोण, हे सगळं पल्लवीने फोटोसकट छापून आणलंय. लेकीने केलंय ते नीटच केलंय. मला त्यात भर घालायची नाही. मला त्या घोड्यांच्या सिनेमाबद्दल बोलायचं आहे, कारण आपलं भांडण तिथेच अडकलं होतं आणि तू मध्येच उठून गेलास.

आठवतं ना, महिन्यातून एका शनिवारी पहिली पाळी सुटली की कँटीनच्या खिडक्यांना गोदामातली जाड ताडपत्री लावायचो. मुंबईच्या एका लायब्ररीतून पत्र्याच्या डब्यांत रिळं यायची. प्रोजेक्टर माझ्याकडे, कारण टूलरूमच्या माणसाशिवाय त्या मशिनला कोणी हात लावायचा नाही असा आपल्या कामगारांच्या सिनेमा क्लबचा नियम होता. सिनेमा इंग्रजी असला की माईक तुझ्याकडे, कारण तुझ्या हातातून माईक काढून घ्यायची कोणाची छाती नव्हती. तुझं इंग्रजी कारखान्यातल्या धोक्याच्या पाट्यांपुरतं. पण तू प्रोजेक्टरशेजारी स्टुलावर बसायचास आणि पडद्यावरचे सगळे लोक तुझ्या तोंडून येवल्याचं मराठी बोलायचे.

हा सिनेमा आला तेव्हा आपल्याला वाटलं, नेहमीचाच, टोप्या आणि पिस्तुलांचा. तसले सिनेमे आपण बरेच पाहिले होते. त्यांतले लोक कधी हसत नसत, नुसते डोळे बारीक करून बघत. हा मात्र त्या सगळ्यांची टर उडवणारा निघाला. धुळीचं एक गाव. एका दरोडेखोराची दहशत. त्याला कोणी पाहिलेलं नाही. शेवटी कळतं की तो केव्हाच म्हातारा होऊन शेजारच्या गावात कोंबड्या पाळतोय. तरी गाव रोज सकाळी बंदुका पुसतं, नगराध्यक्ष रोज भाषण ठोकतो, आणि फौजदाराला घोड्यावर चढता येत नाही.

"हे बघा," तू माईकवर म्हणालास, "घोडा तयार हाय. साहेब तयार नाय." आणि मागच्या बाकांवरून कोणीतरी आपल्या मॅनेजरचं नाव घेतलं. तिथून पुढे तो सिनेमा अमेरिकेचा राहिलाच नाही.

त्यात एक जाडा म्हातारा आचारी होता. फौजदारापासून कैद्यापर्यंत सगळ्यांना जेवू घालायचा, आणि बोलायचा इतका, की त्याच्या तोंडी मराठी घालता घालता तुला धाप लागायची. एके दिवशी गाव सावलीला घाबरून गोळीबार करतं आणि त्यात नेमका हाच मरतो. मग त्याचं दफन. नगराध्यक्ष खड्ड्याशी उभा राहून लांबलचक बोलतो, आणि शेवटी त्याचं नाव घ्यायची वेळ येते तेव्हा थांबतो. शेजारच्याला विचारतो. शेजारचा त्याच्या शेजारच्याला विचारतो. ज्याने सगळ्या गावाला जेवू घातलं, त्याचं नाव कोणालाच ठाऊक नाही. आपल्या हॉलमध्ये पहिल्यांदा शांतता झाली. तूही गप्प होतास. ते रीळ संपलं, दिवे लागले, मी पुढचं चढवलं.

आणि दिवे विझल्याबरोबर पडद्यावर आचारी. टेबलाशी बसलाय, सगळ्यांच्या मधोमध, घेवड्याचा घास घेतोय. कोणाला त्याचं काहीच नाही.

मला आजही तुझा चेहरा दिसतो, प्रोजेक्टरच्या फटीतल्या उजेडात. तुझं तोंड उघडं. तीनशे माणसं अंधारात तुझ्याकडे वळलेली. तू माईक तोंडाशी धरलास, एक श्वास घेतलास आणि अगदी शांतपणे म्हणालास, "मेला होता. पण जेवायची वेळ झाली, म्हणून आला."

तेवढ्यात पडद्यावर आचाऱ्याने तोंड वाकडं केलं आणि मिठाचं भांडं शोधायला लागला.

"आन् आल्या आल्या म्हणतो, मीठ कमी हाय!"

रघू, त्या हॉलचे पत्रे हलले. माणसं बाकांवरून खाली बसली. फाउंड्रीतला एकजण हसता हसता पोट धरून बाहेर पळाला. शेवटच्या रिळात आचारी कुठेच दिसत नव्हता. कोणीतरी ओरडून विचारलं, "अरे, तो कुठं गेला?" तर तू म्हणालास, "जेवला. समाधान झालं. गेला."

परतीच्या बसमध्ये तू गप्प बसेनास. "शाम्या, हा डायरेक्टर लय पोचलेला माणूस हाय. त्यानं काय दाखवलं कळलं का तुला? मानूस मेला, रडले, पुरला, नाव बी आठवलं नाय. दुसऱ्या दिवशी तोच परत कामाला, तोच परत पंगतीत, आन् कोनाच्या ध्यानात बी नाय की हा मेला होता. आपल्याकडं तरी काय येगळं हाय? मेल्यावर बी पाळीला यावंच लागतंय." मी खिडकीबाहेर बघत होतो. आयटीआयचा तुझा थांबा आला तरी तू उतरला नाहीस, बोलत माझ्या घरापर्यंत आलास.

मी बाहेर बघत होतो, कारण मला तोपर्यंत कळलं होतं. रिळं परत गुंडाळताना सुरुवातीच्या कोऱ्या पट्टीवरचा आकडा दिसतो. जेवणाच्या रिळावर तीन होता आणि दफनाच्या रिळावर चार. डब्यांची झाकणं अदलाबदल झालेली होती. खेळाआधी प्रत्येक रिळाचा आकडा बघायचा, हा माझा मीच घातलेला नियम. त्या दिवशी पेटी उशिरा आली आणि मी झाकणावरच्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला. कॅलिपर लावल्याशिवाय बापाने दिलेलं मापही खरं न मानणारा माणूस मी, आणि मी झाकणावर विश्वास ठेवला.

आचारी परत आला नव्हता, रघू. तो आधी जेवला होता, मग मेला होता. सगळ्यांचंच असतं तसं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू इतका खूश होतास, की म्हटलं, उद्या सांगू. सोमवारी कँटीनमध्ये ताट पुढे आलं की जो तो म्हणायला लागला, "आल्या आल्या म्हणतो, मीठ कमी हाय." पुढच्या वर्षी लोकांनी तोच सिनेमा मागितला. डबे आले. या वेळी झाकणं बरोबर होती. मी दाराला कडी लावली आणि तिसरं नि चौथं हाताने बदललं. त्याच्या पुढच्या वर्षीही. क्लब बंद पडेपर्यंत दर वर्षी. पहिल्या वर्षी चूक होती. नंतर जे केलं त्याला चूक म्हणता येत नाही.

लोक विचारतात, एकच सिनेमा इतकी वर्षं कसा काय पुरतो. विनोद शिळा होतो म्हणतात. मला वाटतं, त्या सिनेमातली घाबरट माणसं शिळी होत नाहीत, एवढंच. ज्याला कोणी पाहिलं नाही त्याच्या भीतीने बंदुका पुसणारं गाव तेव्हाही होतं, आत्ताही पाच मिनिटं मोबाईल बघितला की दिसतं. पण आपल्या लोकांना त्यातला आचारीच आठवतो. तो त्या परदेशी माणसाने अर्धा बनवला आणि अर्धा तू. जोडणी माझी, तीही चुकीची.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे लिहितोय.

दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार. गंगापूर रोडला पल्लवीचं घर, दुपारची जेवणं झालेली. जावयाने तो सिनेमा शोधून भिंतीएवढ्या टीव्हीवर लावला. तू नातीला, ओवीला, मांडीशी घेऊन बसलास. "आता बघ हां. आता मेलेला जेवायला येतो." आचारी जेवला. मीठ शोधलं. पुढे गोळीबारात मेला, पुरला. आणि आलाच नाही. सिनेमा संपला.

तू उठून उभा राहिलास. "थांबा. हे कापलंय यांनी. मागंपुढं केलंय." जावई हसून म्हणाला, "बाबा, ओरिजिनल प्रिंट आहे ही." तू माझ्याकडे वळलास. "शाम्या, सांग यांना."

सगळे माझ्याकडे बघत होते. आधल्याच महिन्यात निवृत्त कामगारांच्या मेळाव्यात मला शाल देऊन म्हणाले होते, यांच्या हातून एका खेळातही चूक झाली नाही. ती शाल तेव्हा माझ्या खांद्यावर नव्हती, पण असल्यासारखीच होती. मी म्हणालो, "रघू, असंच होतं ते. तुझी आठवण गल्लत करतेय."

इतकं सोपं होतं ते. तू उभा होतास तो हळूच खाली बसलास. ओवी म्हणाली, "आजोबा विसरले." सगळे प्रेमानेच हसले.

त्याच आठवड्यात सुमनवहिनींचा फोन. "शामभाऊ, खरंच तसं नव्हतं का? त्यांनी मला लग्नानंतर शंभर वेळा सांगितलंय." तू किल्ल्या विसरायचास, एकदा दूध गॅसवर ठेवून फिरायला गेला होतास, त्यामुळे त्या आधीच धास्तावलेल्या. तेव्हा तरी बोलायचं. मी म्हणालो, "नव्हतं, वहिनी." मग डॉक्टर झाले. डॉक्टर म्हणाले वयाप्रमाणे आहे, विशेष काही नाही. पण तुझा डॉक्टरवर विश्वास नव्हता, माझ्यावर होता.

तू खिशात वही ठेवायला लागलास. भाजी काय आणली, कोणाचा फोन आला, सगळं लिहायचास. आणि गोष्टी सांगणं बंद केलंस. सुरू करायचास, "एकदा आपल्या क्लबात..." आणि थांबायचास. माझ्याकडे बघायचास. "असंच होतं ना, शाम्या?" तुझ्या बापाच्या मागावरची पैठणी, तुमच्या गल्लीतला पतंगांचा दंगा, संपातले दिवस, प्रत्येक आठवणीपाशी. ज्या गोष्टींच्या वेळी मी तिथे नव्हतोसुद्धा, त्याही मला विचारायचास. आणि मी उदारपणे मान डोलवायचो, "हो, असंच होतं." तीनशे लोकांसमोर एका श्वासात मेलेल्या माणसाला जिवंत करणारा तू, आणि स्वतःच्या बापाबद्दल बोलायला माझी परवानगी मागत होतास. याची मला लाज वाटते. दुसरा शब्द शोधला, सापडला नाही.

एकदाच तू उलट विचारलंस. जॉगिंग ट्रॅकच्या बाकावर बसलो होतो. तू बुटाकडे बघत होतास. मग म्हणालास, "शाम्या, मला एक सांग. तो परत आलाच नव्हता, तर लोक हसले कशाला?"

विणकराच्या पोराचा प्रश्न होता. धागा कुठे निघतो ते तुला बरोबर दिसलं होतं. मी म्हणालो, "चल, ऊन वाढलं." आपण उठलो. त्यानंतर तू विचारलं नाहीस. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू. चाळीस वर्षांपूर्वी ठरवलेलाच तो उद्या.

काल माणसं पांगली. हॉलमध्ये वहिनी, यमुनाअक्का, पल्लवी, जावई, ओवी आणि कंपनीतले आम्ही. तुझ्या फोटोपुढे तुझं पान तसंच होतं, संध्याकाळी गायीला द्यायचं म्हणून ठेवलेलं. मग पल्लवी म्हणाली, "काका, बाबांचा तो सिनेमा लावू या? तुमच्या हाताने लावा." मला वाटतं, ती फक्त शांतता मोडायला म्हणाली.

मी रिमोट हातात घेतला आणि सांगितलं. उभा राहून, हजेरी देतात तसं. झाकणं, आकडे, पहिलं वर्ष, नंतरची वर्षं, दाराची कडी. आणि त्या रविवारी मी खोटं बोललो ते. दुसऱ्या कोणाचा तरी अर्ज वाचतोय असंच वाटत होतं.

आपल्या चौघांपैकी एकजण खाली बघत म्हणाला, "आम्हाला वाटलं, आम्हीच विसरलो." म्हणजे बघ, मी किती जणांना विसरायला लावलं.

वहिनींनी तुझ्या फोटोकडे बघितलं. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या दिवशी त्यांचं बरोबर होतं."

"हो."

"ते शेवटपर्यंत वहीत लिहीत होते, शामभाऊ."

"हो, वहिनी."

त्या मला शिव्या देतील तर बरं, असं वाटत होतं. त्यांनी नाही दिल्या. "लावा," म्हणाल्या. "त्यांच्यासारखा लावा."

मी लावला. फौजदार घोड्यावरून पडला, ओवी हसली. जेवणाचा प्रसंग येण्याआधी मी पुढे ढकललं, थेट गोळीबारावर. आचारी मेला. नगराध्यक्ष खड्ड्याशी नाव शोधत राहिला. तिथून मी मागे आलो. माझी बोटं रिमोटवर नीट चालत नाहीत, दोनदा चुकलं. आणि मग तो टेबलाशी बसलेला, घेवड्याचा घास घेणारा.

ओवी सरळ उठून बसली. "हा तर मेला होता ना?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते उत्तर माझं नव्हतं, रघू. मला तुझा श्वास जमत नाही, तुझं येवल्याचं मराठी जमत नाही. पण प्रोजेक्टरशेजारच्या स्टुलावर आता कोणी नाही. मी म्हणालो, "मेला होता. पण जेवायची वेळ झाली, म्हणून आला."

पडद्यावर आचाऱ्याने तोंड वाकडं केलं. मागून आपल्या तिघा-चौघांचे म्हातारे आवाज एकदम निघाले, "आन् आल्या आल्या म्हणतो, मीठ कमी हाय!" ओवी खदखदून हसली. पल्लवी हसता हसता रडायला लागली. तुझ्या प्रश्नाचं उत्तर तिथे त्या हॉलमध्येच होतं: तो परत आला होता, म्हणून हसले.

वहिनी हसल्या नाहीत. उठून आत गेल्या. मला वाटलं, सहन झालं नसेल. तर त्या मिठाची वाटी घेऊन आल्या आणि तुझ्या पानापाशी वाकल्या.

"आगं सुमन," यमुनाअक्का ओरडल्या, "गेलेल्याच्या पानात मीठ नसतं वाढायचं! शास्तर हाय ते."

"असू दे, अक्का," वहिनी म्हणाल्या आणि चिमूटभर मीठ पानाच्या डाव्या कोपऱ्यात, जिवंत माणसाला वाढतात तसं वाढलं. "ते आल्या आल्या मागतील."